राहून गेलेला पेपर

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती आणि मी प्रयोगशाळेबाहेरच्या बेसिनवर वाकून ओकत होते. आत माझ्या टेबलावर पिरिडीनची बाटली होती. ज्यांनी ते हुंगलेलं नाही त्यांना सांगते, उन्हात राहिलेल्या मासळीचा वास त्यापुढे बरा. वर्षभर मी ते नाक न मुरडता वापरलं होतं. त्या दिवशी बूच काढल्याबरोबर मी तोंडावर ओढणी दाबून बाहेर पळाले.

तोंड धुऊन वळले तर मागे मॅडम उभ्या. आमच्या रसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख. कडक इस्त्रीची सुती साडी, लहानसा अंबाडा, आणि नजर अशी की उत्तर पाठ असलेल्या मुलीही त्यांच्यासमोर अडखळायच्या. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "सकाळी काय खाल्लंस?"

"दोन बिस्किटं, मॅडम."

"राहिली पोटात?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कितवा महिना, मा?"

त्या बोलायच्या इंग्रजीत, पण शेवटी हा तमिळ 'मा' लावायच्या. आपण 'बाळा' म्हणतो तसा. त्यांच्या तोंडून तो फार क्वचित ऐकू यायचा.

"दुसरा लागलाय," मी म्हणाले आणि तिथेच रडायला लागले. तोवर नवऱ्याखेरीज मी हे कोणालाही सांगितलं नव्हतं.

"रडायचं ते नंतर रड. आधी परीक्षा पुरी कर."

बाहेरून आलेल्या परीक्षकांशी त्या थोडा वेळ हळू आवाजात बोलल्या. मग मला खिडकीजवळचं टेबल मिळालं आणि ज्यात वासाचं काहीच नव्हतं असा दुसरा प्रयोग मिळाला. उत्तर बरोबर आलं.

लग्न होऊन कराडहून चेन्नईला आले तेव्हा पुढे शिकायचं हे आमचं ठरलेलं होतं. नवरा शहराबाहेरच्या एका मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. कंपनीची बस त्याला भल्या पहाटे घेऊन जायची ती अंधार पडताना परत आणायची. मधला दिवस माझा होता, आणि तो मी कॉलेजला दिला होता. मूल इतक्यात नको असंही ठरलेलं होतं. ते ठरवल्याप्रमाणे झालं नाही, इतकंच. चाचणीवरच्या दोन रेघा बघून नवरा आधी हसला, मग माझा चेहरा बघून शेजारी येऊन बसला. "तू म्हणशील तसं करू," तो म्हणाला. पण मला काय म्हणायचंय हेच मला कळत नव्हतं.

परीक्षा संपल्यावर मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं.

"एक वर्ष थांबता येतं," त्या म्हणाल्या. "पुढच्या बॅचबरोबर परत यायचं. किंवा थांबायचं नाही. तारीख कधीची आहे?"

"डिसेंबरच्या अखेरीची."

"तोवर तिसऱ्या सेमिस्टरची परीक्षा संपलेली असते. जमू शकतं. तुला काय हवंय? घरचे काय म्हणतात ते नको सांगूस. ते काय म्हणणार ते मला माहीत आहे."

"मला सोडायचं नाहीये." बोलून झाल्यावर मला कळलं की हेच मला म्हणायचं होतं.

"मग प्रोजेक्ट बदलू. ही द्रावणं आता तुझ्यासाठी नाहीत. कॉम्प्युटरवर रेणूंचं काम कर. तुला आवडणार नाही, पण त्यातून पदवी मिळते."

मला खरंच आवडलं नाही. हाताने काही बनवायचं म्हणून तर मी रसायनशास्त्र घेतलं होतं. पण केबिनबाहेर आले तेव्हा छातीवरचं ओझं उतरलं होतं. कोणीतरी आता 'घरी बस' म्हणणार आणि आपल्याला ते ऐकावं लागणार, असं मी धरून चालले होते.

ते म्हणणारं माणूस निघालंच. ती माझी आई.

"पहिलं बाळंतपण माहेरी असतं," ती फोनवर म्हणाली. "सातव्यात ये, ओटी भरू, मग इथेच राहा."

"आई, हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत."

"मग नको बसूस. कॉलेज काय पळून जातंय?"

"बाळ तरी कुठे पळून जातंय?"

आईने फोन ठेवून दिला. पुढे बरेच दिवस ती बाबांकरवी चौकशी करायची, स्वतः बोलायची नाही.

हा गुंता सोडवला आमच्या मावशींनी. अण्णा नगरला आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो, खाली घरमालकीण राहायच्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. त्यांचं घराणं तंजावरचं मराठी, कित्येक पिढ्या तमिळनाडूत मुरलेलं. पहिल्या दिवशी जिन्यात मला थांबवून त्या म्हणाल्या होत्या, "कां गे, एकटीच कां? आंत ये." ते 'गे' ऐकून मी चकित झाले होते. त्यांचं मराठी जुन्या पोथीतलं, त्याला हेल तमिळ आणि मध्येच 'सरि सरि', म्हणजे 'बरं बरं', किंवा 'अय्यो'. मी त्यांना मावशी म्हणू लागले, कारण दुसरं काही सुचलं नाही.

उलट्यांच्या दिवसांत माझ्या पोटात काही टिकलं असेल तर तो त्यांचा दहीभात आणि खारवून वाळवलेल्या ईडलिंबाच्या फोडी. ताटली पुढे ठेवून त्या समोर बसायच्या. "पोट रितें ठेवून डोकें कसें चालेल गे? खा."

एकदा असंच खाताना मी आईचं सांगितलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि हात पुढे केला. "फोन लावून दे."

त्या आत जाऊन बोलल्या. मला ऐकू आलं ते तेवढंच एक वाक्य, तेही त्या मोठ्याने बोलल्या म्हणून: "मुलगी इथें आहे ना, मग माहेर इथें येऊं दे!"

संध्याकाळी आईचा फोन आला, थेट माझ्याशी बोलायला. "त्या बाईंचं अर्धं मला कळलं नाही," ती म्हणाली. "कीर्तन ऐकल्यासारखं वाटलं. पण बाई चांगली आहे. दसरा झाला की येते मी."

फोन ठेवला आणि मी जेवणावर ताव मारला. त्या रात्री ते पोटात राहिलंसुद्धा.

दुसरं वर्ष सुरू झालं. कॉलेज तिरुवल्लिकेणीच्या बाजूला. मेट्रोने सेंट्रलपर्यंत जायचं, तिथे गाडी बदलायची. पोट दिसू लागल्यावर उभं राहावं लागलं असं जवळजवळ कधी झालंच नाही. डब्यात शिरलं की कोणी ना कोणी बाई शेजारणीला ढकलून जागा करायची आणि मग उतरेपर्यंत विचारपूस. माझं मोडकं तमिळ त्या वर्षी जितकं सुधारलं तितकं आधी कधीच नाही. पायांना सूज येणं, डावीकडे झोपणं, डाळिंब खाणं, हे सगळं मी तमिळमध्ये आधी शिकले.

वर्गात माझी एक मैत्रीण होती, मदुरैची. ती सकाळी लवकर येऊन पंख्याखालची जागा माझ्यासाठी धरून ठेवायची. दुपारी दोन तासांच्या मध्ये मी मुलींच्या खोलीतल्या बाकावर आडवी व्हायचे आणि ती माझ्या पायाशी बसून डबा खायची. कॉम्प्युटरची खोली इतकी गार असायची की बाहेर घामाच्या धारा आणि आत खांद्यावर शाल. मी पडद्यावर रेणू फिरवत असताना पोटातलं बाळ लाथ मारायचं. मी हळूहळू त्या कामात रमले. हे मॅडमना मात्र मी कबूल केलं नाही.

सहाव्या महिन्यात एका सकाळी रक्त दिसलं. नवरा कारखान्यात पोचलेला. मी जिना उतरून मावशींच्या दाराशी गेले आणि "मावशी, रक्त," एवढंच म्हणाले. त्यांनी पायांत चपला सरकवल्या. रिक्षा बोलावली, मला आत बसवलं, स्वतः शेजारी बसल्या आणि वाटभर माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. डॉक्टरांनी पोटावर यंत्र फिरवलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. बाळ हलत होतं. ठोके ऐकू आले, भरभर, खेळण्यातल्या गाडीसारखे.

"घाबरण्यासारखं आता काही नाही," डॉक्टर म्हणाल्या, "पण काही आठवडे पलंगावरून उठायचं नाही."

मावशींनी डोळे पुसले आणि मलाच दटावलं, "रडूं नको, पाप्पाला त्रास होतो." पाप्पा म्हणजे तमिळमध्ये बाळ.

पडून राहायचं म्हणजे हजेरी जाणार, शिकवलेलंही जाणार. हजेरीचं मॅडमनी सांभाळलं. डॉक्टरांचा दाखला असेल तर तेवढी सूट नियमातच होती. शिकवलेलं मैत्रिणीने सांभाळलं. ती प्रत्येक तास फोनवर रेकॉर्ड करून मला पाठवायची. मी डाव्या कुशीवर पडून ऐकायचे. पंख्याचा घरघराट, कोणाचं तरी खोकणं, आणि मॅडमचा आवाज. एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मॅडम फळ्यावर लिहिलेलं प्रत्येक समीकरण मोठ्याने, सावकाश वाचून दाखवत होत्या. आधी त्या असं कधी करत नसत. मी मैत्रिणीला विचारलं.

"त्यांना माहीत आहे," ती म्हणाली. "फोन टेबलावर मीच ठेवते, त्यांच्यासमोर. काल ठेवायला विसरले तर त्याच म्हणाल्या, फोन कुठे आहे?"

मी परत वर्गात गेले तेव्हा दसरा जवळ आला होता आणि मुलींनी काहीतरी बेत केला होता. आपल्याकडे डोहाळजेवण असतं तसा इथे वळैकाप्पू असतो. गरोदर बाईच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या भरायच्या, गालांना चंदन लावायचं, आणि तऱ्हेतऱ्हेचे भात खाऊ घालायचे. तो त्यांनी विभागातच करायचं ठरवलं. टी. नगरच्या गर्दीत जाऊन लाल-हिरव्या बांगड्या आणल्या. लिंबाचा भात, चिंचेचा भात, नारळाचा, दह्याचा आणि गुळाचा, पाच जणींनी पाच डबे आणले. मला नवी साडी नेसवून खुर्चीत बसवलं. एकेक जण येऊन बांगडी घालायची आणि बाकीच्या ओरडायच्या, सैल घाल, सैल घाल.

मॅडम दाराशी येऊन उभ्या राहिल्या. हसत होत्या, पण उंबऱ्याच्या आत येत नव्हत्या.

"मॅडम, या ना," मी म्हणाले.

"तुमचं चालू दे."

मैत्रीण माझ्या कानाशी वाकली. मॅडमचे यजमान काही वर्षांपूर्वी गेले होते. अशा बाईने या कार्यात बांगडी भरायची नसते. मुलींना त्यांना बोलवायचं होतं, पण कसं बोलवावं ते कळत नव्हतं, आणि त्यांची ही अडचण मॅडमना कळत होती.

मी जड अंगाने खुर्चीतून उठले, दारापर्यंत गेले आणि उजवा हात त्यांच्यापुढे धरला. मॅडम माझ्या हाताकडे बघत राहिल्या.

"नक्की, मा?"

"मॅडम, तुम्ही नसता तर मी आज कराडला असते."

त्यांनी तबकातून दोन हिरव्या बांगड्या घेतल्या. हात इतका सुजला होता की त्या सहज जाईनात. त्यांनी माझी बोटं जुळवली, अंगठा आत दाबला आणि प्रयोगातली काचनळी बुचात बसवावी तशा सावकाश, न दुखवता बांगड्या चढवल्या. मग गालाला चंदन लावलं. "आता बस. उभी राहू नकोस," त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. गुळाच्या भाताचा पहिला द्रोण मैत्रिणीने त्यांच्या हातात दिला.

दसरा झाल्यावर आई आली. एका पिशवीत मेथी-डिंकाचं सामान, दुसरीत माझे लहानपणीचे कपडे. दोन दिवसांत ती आणि मावशी एकमेकींच्या स्वयंपाकघरात होत्या. आई वांग्याची भाजी खाली पाठवायची, वर मावशींचं सांबार यायचं. त्या त्याला 'आंबट वरण' म्हणत. भाषेचंही असंच चालायचं. "त्या मला काल 'कोठें गेली होतीस' म्हणाल्या," आई मला कौतुकाने सांगायची. "आपण कुठे म्हणतो असं?"

परीक्षा सुरू झाली. बांगड्या बाळंतपणापर्यंत काढायच्या नसतात. मी लिहायला लागले की हॉलभर किणकिण व्हायची. पहिल्या पेपरला पर्यवेक्षक सर दोनदा माझ्या बाकाशी येऊन गेले, तिसऱ्यांदा आले ते पंखा माझ्याकडे वळवायला. तीन पेपर छान गेले. मग बंगालच्या उपसागरात वादळ उठलं. दोन दिवस पाऊस कोसळत राहिला, रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलं, आणि सरकारने शाळा-कॉलेजांना सुट्टी जाहीर केली. उरलेले दोन पेपर पुढे गेले. नवी तारीख कळली तेव्हा मी जिन्यातच खाली बसले. शेवटचा पेपर माझ्या तारखेला येऊन भिडला होता.

शाळेपासून माझा एकही विषय कधी राहिला नव्हता. राहिलेल्या पेपरला चेन्नईत सगळे 'अरियर' म्हणतात. वर्गात तो शब्द थट्टेत यायचा, पण मला त्याची मनापासून भीती होती. इतक्या सगळ्यांनी इतकं केलं आणि मी शेवटी अरियर घेऊन बसणार. मी मॅडमना फोन केला.

"पाहिली मी तारीख," त्या म्हणाल्या. "आलीस तर तळमजल्यावर बसायची सोय करते. नाही आलीस तर एप्रिलमध्ये लिही."

"म्हणजे अरियर, मॅडम."

"हो, अरियर. मलाही होता एक. स्पेक्ट्रोस्कोपीत."

"तुम्हाला?"

"मी आज तुम्हाला तोच विषय शिकवते, मा. जा, झोप जरा."

मी फोन ठेवला आणि एकटीच हसत सुटले. आई स्वयंपाकघरातून धावत आली, कळा सुरू झाल्या की काय म्हणून.

चौथा पेपर मी लिहिला. पाचव्याच्या आदल्या दिवशी दुपारी पुस्तक उघडून बसले होते, तर कंबरेतून कळ आली आणि परत आली. आईने पुस्तक माझ्या हातातून काढून बाजूला ठेवलं. हॉस्पिटल जवळच होतं. नवरा कारखान्याच्या गणवेशातच तिथे पोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी झाली. माझ्या मैत्रिणी तेव्हा पेपर लिहायला बसल्या असतील, पण खरं सांगते, ते माझ्या मनातही आलं नाही. नर्सने तिला माझ्या छातीवर ठेवलं. ती ओली होती, गरम होती, रागावून रडत होती, आणि तिचं सगळं जिथल्या तिथे होतं.

चौथं सेमिस्टर बहुतेक प्रोजेक्टचंच होतं. काम कॉम्प्युटरवरचं असल्यामुळे ते घरी करता आलं, मांडीवर मूल घेऊनही. हाताने द्रावणं ढवळायचा प्रोजेक्ट असता तर मी कुठे असते, हा विचार तेव्हा मी पुष्कळदा केला. आई थांबली. ज्या दिवशी कॉलेजला जावंच लागे, त्या दिवशी ती बाळाला घेऊन माझ्याबरोबर यायची आणि मुलींच्या खोलीत बसायची.

एप्रिलमध्ये अरियरचा पेपर लिहायला गेले तेव्हा आईबरोबर मावशीही आल्या होत्या. आजूबाजूला एक वर्ष मागच्या मुली. शेवटचा तास उरला तेव्हा दूध दाटून छाती ठणकायला लागली, कुर्ता ओला झाला. मी ओढणी पुढे ओढून घेतली आणि शेवटचा प्रश्न लिहून काढला. पेपर सोपा नव्हता, पण मला तो येत होता.

बाहेर झाडाखालच्या कट्ट्यावर दोघी बसल्या होत्या. बाळ मावशींच्या खांद्यावर जागं होतं.

"लिहिलेंस कां सगळें?" मावशींनी विचारलं.

"सगळं."

"पास होशील?" आईने विचारलं.

"होईन गं."

निकाल पुढे उन्हाळा सरताना लागला आणि मी पास झाले. त्या विषयातले माझे गुण सगळ्यांत कमी आहेत. पण सुटल्यासारखं वाटलं ते पेपरच्या त्या दुपारीच. बाळाला पाजलं, आणि आम्ही कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेलो. आईने मुलीला घेतलं आणि मला म्हणाली, "तू खा आधी." वाफाळतं पोंगल आलं, तांदूळ-मूगडाळीची मऊ खिचडी, वर तूप, काजू आणि मिरे. कित्येक महिन्यांनी माझे दोन्ही हात मोकळे होते. मी ते गरम असतानाच खाल्लं, शेवटच्या घासापर्यंत, आणि अजून एक मागवलं.